बोराटी सुकली नव्हती

मी बीएस्सी, तेबी वनस्पतीशास्त्रात, अन् चूक केली ती झुडपाचीच. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात घरामागची रानबोरीची बोराटी बघितली, तर नुसत्या काटक्या, पान एक न्हाई. वाळली म्हणून सरळ तोडून चुलीत घातली. आत्याबाई, म्हणजे माझी सासू, शेळ्या चारून आल्या अन् कपाळाला हात लावून बसल्या. पानं गाळून उन्हाळा काढणारं झाड ते. मी वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्क बी घेतले होते.

पावसाळ्यात ती बुडापासून परत फुटली. पण हिवाळ्यात बोरं धरली न्हाईत अन् आत्याबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. भाकरी पुढ्यात आदळायच्या अन् शेळीला म्हणायच्या, "हिला सांग, पाणी भर." शेळी काय सांगणार, कप्पाळ. आठ दिवस सोसलं, नवव्या दिवशी पिशवी भरली. नवऱ्याला म्हणलं, माहेरी चालले, वेगळी चूल मांडत असशील तरच येईन.

एसटी धराया आष्टीच्या रस्त्याला लागले तर बांधावर लालबुंद बोरं. आईला लई आवडतात, म्हणून घुसले. बोराटीला काटे जोडीनं असतात, एक सरळ, एक वाकडा. सरळ टोचतो, वाकडा धरून ठेवतो. हे बी मला पाठ होतं. तरी मागं ओढत राह्यले अन् जास्तच अडकले. तेवढ्यात शेळ्या आल्या, त्यांच्यामागं आत्याबाई. गुमान सोडवाया आल्या अन् लुगड्यासकट स्वतःच गुतल्या.

शेळ्या बिलकुल मजेत पाला ओरबाडून राह्यल्या होत्या. माझी गाडी समोरून निघून गेली.

"मागं ओढू नको, पुढं सरक," आत्याबाई म्हणल्या. आठ दिवसांतला माझ्याशी पहिला शब्द.

पाठीमागचा काटा आपला आपल्याला दिसत न्हाई. मंग मी त्यांचा पदर सोडवला, त्यांनी माझा. रस्त्याला आल्यावर त्यांनी ओंजळभर बोरं माझ्या पिशवीत टाकली. "आईला दे. म्हणावं, सासू भांडखोर हाय, पर बोरं गोड हायेत."

पुढची गाडी येईस्तोवर त्या बसून राह्यल्या. गाडी दिसली तशा उठल्या अन् दुसरीकडंच बघत म्हणल्या, "सोमवारी ये. एकटीला भांडाया करमत न्हाई मला."

मी रविवारीच आले.