मयताचे चार शब्द

नाताळच्या सुट्टीत कादंबरी पुरी करायची म्हणून मी दरवर्षी रजा टाकते, आणि दरवर्षी नेमकं तेव्हाच भुईगावात कुणीतरी मरायला टेकतं. मयताच्या प्रार्थनेनंतर चर्चमध्ये वाचायचे चार शब्द मीच लिहायचे, हे गावानं परस्पर ठरवून टाकलंय. गेल्या वर्षी पाळी शेजारच्या काकांची होती. परदेशातून आलेला त्यांचा मुलगा म्हणाला, "दोन तारखेचं विमान आहे माझं. आत्ताच लिहून ठेव."

माणूस जिवंत असताना! चरफडत मी फराळाचं ताट घेऊन माहिती काढायला गेले. मी कशाला आलेय ते काकांनी लगेच ओळखलं.

"प्रेमळ बिमळ लिहू नकोस," स्वयंपाकघरातल्या काकींकडे बोट करत ते धापा टाकत म्हणाले. "मी हिला मारायचो. सगळ्या आळीनं ऐकलंय."

एकतीस तारखेला ते गेले. मी 'प्रेमळ पती' असंच लिहिलं. मुलानं ते रडत रडत वाचलं. त्या सुट्टीत माझं तेवढंच लिखाण पुरं झालं.

दफन आटोपून परतताना काकींनी माझा हात धरला.

"छान लिहिलंस गं," त्या म्हणाल्या. "कोणाबद्दल होतं?"