आपसी बदलीचा अर्ज

पाकीट फोडलं आणि नव्या पुस्तकाचा वास खोलीभर झाला. शाईचा, डिंकाचा, थोडासा ओल्या पुठ्ठ्याचाही. कादंबरी आहे. दोन बायका आपापली आयुष्यं अदलाबदल करतात, परक्या गावात नव्यानं चूल मांडतात आणि शेवटी दोघींचंही भलं होतं. आतल्या पानावर निळ्या शाईत लिहिलंय, ‘मॅडम, वाचा. आपलीच गोष्ट वाटली.’ ते मोत्यांसारखं अक्षर पाहून आजही मनात येतं, इतकं देखणं अक्षर तिलाच का असावं?

आम्ही दोघी सरकारी शाळेतल्या शिक्षिका. मी चारठाण्याला, ती चुडाव्याला. प्रशिक्षणात भेटायचो. ती डबा उघडायची आणि सांगायची, हा हुरडा अमक्या पोरीच्या आजीनं दिला, ही बोरं तमक्याच्या आईनं. पोरं तिला घ्यायला स्टेशनवर यायची म्हणे. माझ्या शाळेत अकरा वर्षांत मला कुणी बोरसुद्धा दिलं नव्हतं. मला वाटे, गुण त्या गावाचा आहे. तिथं मी असते तर!

आमच्यात आपसी बदलीची सोय असते. दोघांनी राजीखुशीनं अर्ज करायचा नि एकमेकांची जागा घ्यायची. मी तिला गाठलं. म्हटलं, सासूबाईंना अर्धांगवायू झालाय, नांदेडच्या दवाखान्यात न्यावं लागतं, चुडाव्याहून थेट रेल्वे आहे. डोळ्यांत पाणीही आणलं. सासूबाई त्या सकाळी दोन भाकरी खाऊन शेजारणीशी कडाकडा भांडत होत्या. तिनं पहिलीपासून चौथीपर्यंत आणलेला वर्ग सोडला आणि सही केली.

जूनमध्ये मी चुडाव्याला उतरले. स्टेशनवर पोरं होती. मला पाहून एका पोरीनं विचारलं, “आमच्या बाई मागच्या डब्यात हायत का?” मी ‘नाही’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर कुणी नव्हतं.

आणि तिकडं तिनं काय करावं? चारठाण्याच्या जुन्या देवळांत वर्ग नेला. खांबांवरची नक्षी मोजत पोरं पाढे म्हणायला लागली. ती देवळं मी अकरा वर्षं बसच्या खिडकीतून पाहिली होती. तिचे फोटो यायचे आणि मला वाटायचं, ही माझी शाळा, माझी देवळं, ही कोण आली मिरवायला? जी जागा मी स्वतः टाकून आले, तिच्यासाठी जळत बसले.

काल कादंबरी संपली. आज दुपारी धीर करून फोन लावला नि सगळं सांगून टाकलं. ती हसायलाच लागली.

“आवो मॅडम, मला तवाच माहीत होतं! तुमच्या सासूबाई त्याच महिन्यात वालूरच्या लग्नात नवरदेवापुढं नाचायल्या होत्या. लय भारी नाचल्या!”

“मग सही कशाला केलीत?”

“तुमाला लय पाहिजे होतं ते गाव. माझं काय, मला कुठंबी जमलं असतं.”

तिच्या बोलण्यात ताठा नव्हता, टोमणाही नव्हता. भाजीचा भाव सांगावा तसं तिनं सांगितलं. फोन ठेवला. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं, आता मोकळं वाटायला हवं होतं. पण वय उताराला लागलं, केस पांढरे झाले, आणि माफी मिळाल्यावर पहिला विचार मनात आला तो हाच, की इतक्या सहज माफ करणंही हिलाच कसं जमतं?