डाव्या हातातली टोपी

माझा धाकटा भाऊ आडालबेर्ट शाळेत ग्रीक शिकवायचा आणि दर बुधवारी पोरांना फुटबॉल. कवायत हाच खरा जर्मन व्यायाम मानणाऱ्या गावातल्या कवायतवाल्यांच्या डोळ्यांत तो चेंडू सलायचा. इंग्रजांचं खूळ, म्हणे! बिअर पिता पिता मला ऐकू जाईल असं बोलायचे मेले. मीही ऐकून घेणारी नव्हते.

पण त्या बुधवारी माझ्याही तोंडचं पाणी पळालं होतं. शाळा-तपासनीस खेळ बघायला आले होते. एकालाही दुखापत झाली तर खेळ बंद, असं मुख्याध्यापकांनी बजावलं होतं.

मी कुंपणापाशी उभी होते. खेळ संपत आला आणि आयलर्ट नावाचा पोरगा पडला, त्याच्या अंगावर आणखी दोघं. उठला तो पांढराफटक होऊन. उजवा हात कसाबसा कोटाच्या खिशात घातला आणि पुन्हा धावायला लागला. आडालबेर्ट तेव्हा तपासनिसांना नियम समजावत होता, त्याची खेळाकडे पाठ होती. मी आडालबेर्टला हाक मारणार तोच घंटा झाली.

पोरं रांगेत उभी राहिली. तपासनीस साहेबांना टोपी काढून मान द्यायचा होता, तोही उजव्या हातानं, ही आमच्याकडची रीत. रांगेत कुजबुज झाली आणि सगळ्या पोरांनी एकदम डाव्या हातानं टोप्या काढल्या.

"हा काय उद्धटपणा?" मुख्याध्यापक कडाडले.

आडालबेर्टनं रांगेवरून नजर फिरवली; आयलर्टचा उजवा हात अजून खिशातच होता. नवी पद्धत आहे म्हणाला असता, तर सगळं निभावलं असतं.

"उद्धटपणा नाही, साहेब," तो म्हणाला. "यांच्यातल्या कुणाचा तरी उजवा हात उठत नाहीये."

सरळ आयलर्टपुढे जाऊन त्यानं गळ्यातला रुमाल सोडला आणि पोराचा हात झोळीत बांधला. खेळ त्याच संध्याकाळी बंद झाला.

जेवताना मी त्याला फैलावर घेतलं. थोडं खोटं बोलला असतास तर काय आभाळ कोसळणार होतं?

"हाड वाकडं जुळलं असतं, ताई," एवढंच म्हणाला. बटाटे तसेच ताटात राहिले.

सकाळी आम्ही बाजारातून चाललो होतो. समोरून शाळेची पोरं आली, मध्ये आयलर्ट, हात झोळीत. आडालबेर्ट दिसताच सगळ्यांच्या टोप्या उतरल्या, डाव्या हातानं. माझे डोळे भरून आले.

आडालबेर्टनं डाव्या हातातली पिशवी माझ्याकडे दिली आणि त्याच हातानं स्वतःची टोपी काढली.