देवीच्या मांडवातलं हिरवं कापड

देवीलाल चव्हाणले गाठ कापलेली चालत नव्हती. सुतळी असो नाही तं काथ्याची दोरी, देवाच्या मांडवाले बांधली म्हणजे ती बोटानंच सोडायची, तिले ब्लेड लावायचं नाही, असा त्याचा नेम. पावसानं गाठ फुगून घट्ट झाली तं हा गडी बांबूवर लटकून दातानं सोडवत बसे. खालून पोट्टे बोंबलत, "देवीलालभाऊ, कापून टाका ना जी, उशीर होऊन राह्यला!" तो वरूनच म्हणे, "देवाले बांधलं ते कापत नसते बाबू. सोडवा लागते." मग पोट्टे हसत, अन् तो आपलं काम करत राहे.

मी कुंदा. दारव्ह्याच्या नगर परिषदेत बावीस वर्षं मांडव-कमानीच्या परवानगीचं टेबल माह्याकडं होतं. आमच्या घरासमोरच्या चौकातलं दुर्गादेवीचं मंडळ माह्या नवऱ्यानं, मधुसूदन मास्तरनं, उभं केलं. मास्तर सहा वर्षांमागं गेले. आता मंडळाचा अध्यक्ष माहा पोरगा पियूष आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात आमच्या घरचं कोण कुठं उभं होतं, ते तुमाले समजलं पाहिजे.

देवीलाल तांड्यावरचा. बाप मोळ्या विकाले गावात येई, त्याच्यासंगं हा आला अन् मांडवाच्या कामाले लागला. लिहिणं-वाचणं शून्य. पण चौक एकदा डोळ्याखालून घातला की कितीक बांबू लागतीन, कोणता आडवा, कोणता उभा, सारं तोंडपाठ. रस्ता सिमेंटचा झाला तवा खड्डे खोदणं बंद झालं. बाकीचे मांडववाले डोक्सं धरून बसले. यानं तेलाचे रिकामे डबे आणले, त्यात सिमेंट भरून बांबू रोवले अन् डबेच चौकात मांडून टाकले. मी ऑफिसातून पाहाले गेलती. म्हणलं, "देवीलाल, तू इंजिनिअर व्हाले पाहिजे होता." तर लाजून पार शिडीमागं गेला.

आमच्या चौकात एक रीत होती. ईद-ए-मिलाद दरसाली दहा-अकरा दिवस मागं सरकते. तीस-पस्तीस वर्षांमागं ती सरकत सरकत नवरात्राच्या जवळ आली. ईदची हिरवी कमान काढायची अन् पंधरा दिवसांत त्याच जागी देवीचा मांडव घालायचा. मास्तरचा अन् ईद कमिटीच्या रहमतभाईचा चहा एकाच टपरीवर. दोघायनं ठरवलं, बांबू एकदाच उभे करू. कापड ज्याचं त्याचं. माह्या टेबलावर अर्ज आला तो एकच, खाली सह्या दोन. साहेबानं विचारलं, "हे काय वो बाई?" मी म्हणलं, "साहेब, बांबूले कायची जात?" साहेब हसले, सही केली. मग ईद दूर सरकली, रीतही विसरल्यासारखी झाली. आता चार-पाच सालांमागं ती परत नवरात्राजवळ आली तं देवीलालनंच आठवण करून देल्ली अन् बांबू परत एकच उभे राह्यले.

गेल्या साली ईद झाली, कापड उतरलं, बांबू तसेच होते. पण घटस्थापनेच्या आदल्या दिवशी असा पाऊस आला की विचारू नका. मांडवाच्या छताचं केशरी कापड नेमकं देवी बसाच्या जागेवरच फाटलं, लोंबाले लागलं. संध्याकाळी पाहते तं देवीलाल खाली उभा, मान वर करून.

"कपडा कमी पडून राह्यला बाई. यवतमाळले फोन केला, उद्या दुपारपावतर नाही भेटत म्हणे."

मूर्ती सकाळी बसणार होती. मी महिला मंडळाची सगळ्यात जुनी, अन् मले कोणापुढं थांबाची सवय नाही. कोपऱ्यात ईदच्या कापडाचा गठ्ठा पडला होता. म्हणलं, "हे आहे ना. लाव."

"हे? बाई, हे रहमतभाईचं आहे."

"मंग त्यायले विचार. देवीचा चुडा हिरवा, साडी हिरवी, डोक्यावरचं कापड हिरवं तं कोणाचं काय बिघडते?"

तो घुटमळला. "पियूषभाऊले एकवार विचारता का?"

मले रागच आला. "काहून? हे मंडळ कोणं उभं केलं? कालचं पोट्टं मले शिकवीन का? लाव म्हणलं ना मी!"

माही सून प्राची तिथंच रांगोळीची जागा झाडून राह्यली होती. तिनं ऐकलं अन् झाडत राह्यली. देवीलाल रहमतभाईकडं जाऊन आला. म्हणे, "म्हातारा खुश झाला बाई. म्हणे, माँ के लिए ले जाव, पूछना क्या." अन् त्यानं ते कापड लावलं. इतकं झोकात लावलं, बारीक चुण्या घालून, की पहिल्या माळेच्या आरतीले बायाच बायायले दाखवत होत्या.

चार दिवस कोणाले काही वाटलं नाही. चार दिवस! तेच पोट्टे त्याच कापडाखाली गरबा खेळले, त्याच कापडाखाली फोटो काढले.

पाचव्या माळेले हिरवा रंग होता. आम्ही साऱ्या हिरव्या साड्या नेसून आरतीले. तवाच कोणाच्या तरी फोनवर आमच्या मांडवाचा एक फोटो आला. छताच्या एका चुणीत चमकीच्या कागदाचा चांद अडकून राह्यला होता, ईदच्या सजावटीतला, बोटाएवढा. फोटोत तो मोठा करून त्याच्याभोवती लाल गोल काढला होता. खाली लिहिलं होतं, देवीच्या डोक्यावर हे कोणाचं? माहूरपावतर फिरला म्हणे तो फोटो अर्ध्या तासात. नेरवरून, दिग्रसवरून गाड्या आल्या. ज्यायले आमचा चौक कुठं आहे हे माहीत नाही, तेही येऊन विचाराले लागले.

पियूषनं माइक घेतला. नगर परिषदेची निवडणूक तोंडावर होती अन् त्याले तिकीट पाहिजे होतं. "कापड कोणं लावलं?"

देवीलाल जनरेटरजवळ बसून होता. उठून पुढं आला. "म्या लावलं."

"कोणं सांगतलं?"

माह्या हातात आरतीचं ताट होतं. देवीलालनं एकदा, फक्त एकदा, माह्याकडं पाह्यलं. त्याच्या पाहण्यात काही मागणं नव्हतं. घरच्या माणसाकडं सहज नजर जाते ना, तसंच पाह्यलं त्यानं. मले बोलाचं होतं. खरं सांगते, तोंड उघडलं होतं मी. पण समोर एवढी गर्दी, पोराच्या हातात माइक, अन् मनात आलं, आता बोलली तं याचं तिकीट गेलं, लोक म्हणतीन अध्यक्षाच्या मायनंच... बावीस वर्षं साहेबायच्या तोंडावर बोलणारी मी, मूग गिळून उभी राह्यली.

"कोणीच नाही," देवीलाल म्हणला. "कपडा कमी पडला होता."

"माफी माग! नाक घास!" गर्दीतून आवाज आले. तो माइकवर माफी बोलला. म्हणे, "याडीपुढं नाक घासाले मले कायची लाज?" त्याच्या बोलीत मायले याडी म्हणतात, देवीलेही. गेला अन् सिमेंटवर नाक घासलं. नाकाले खरचटलं. उठला तं चेहऱ्यावर काहीच नाही, जसा रोज शिडीवरून उतरतो तसाच.

मग दोघं-तिघं ब्लेड घेऊन वर चढले. तवा मात्र तो धावला. हात जोडून ओरडला, "कापू नका! मले दोन मिनिटं द्या, मी सोडतो, गाठ सोडतो!" कोणी ऐकलं नाही. कराकरा दोऱ्या कापल्या. हिरवं कापड खाली पडलं ते तुडवलं. तवा त्याच्या डोळ्यात पाणी आलं. नाक घासलं तवा नव्हतं आलं.

रहमतभाई गर्दीत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी शांतता समितीची बैठक झाली. त्यात ठरलं, पुढच्या सालापासून ईदची कमान दुसऱ्या रस्त्यावर, बांबू वेगळे, अर्ज वेगळे. म्हातारा सही करताना एवढंच म्हणे, "मास्तर होते तेव्हा एकाच कागदावर करत होतो." अन् मंडळानं ठरवलं, देवीलालले काम द्यायचं नाही. एका मंडळानं नाही म्हणलं की बाकीचे कायले देतात?

तिसऱ्या दिवशी मले राहवलं नाही. पियूष जेवाले बसला होता. म्हणलं, "ते कापड मीच लावाले सांगतलं होतं."

त्यानं घास तोडला, वरणात बुडवला. "माहीत आहे मले."

"काय?"

"प्राचीनं मले पहिल्या माळेलेच सांगतलं. चांगलं दिसून राह्यलं होतं, मी म्हणलं राहू दे."

"मंग काहून त्या गरिबाले..."

"मंग काय तुह्यं नाव घेऊ माइकवर?" तो चिडला. "गर्दी पाह्यली होती ना तू? कोणाचं तरी नाव पाहिजेच होतं त्यायले. तो आपला माणूस आहे, समजून घेईन." प्राची पोळी वाढता वाढता थांबली अन् परत आत गेली. चोर सोडून संन्याशाले फाशी म्हणतात. इथं चोराच्याच घरात पंचायत बसली होती, अन् मी काय करणार? आपलेच दात, आपलेच ओठ. मले माह्याच पोराच्या ताटाकडं पाहवत नव्हतं, अन् त्याच्याहून जास्त किळस मले माहीच आली.

दरसाली दसऱ्याले देवीलाल सोनं घेऊन पहिला आमच्याकडं येई. आपट्याची पानं आधी मास्तरच्या हातात, ते गेल्यावर त्यायच्या फोटोसमोर, मग माह्या हातात. त्या साली आला नाही. संध्याकाळ व्हायच्या आत मीच पानं घेऊन ऑटोनं तांड्यावर गेली.

त्याची बायको रामीबाई अंगणात तुरीच्या काड्या मोडून राह्यली होती. भिंतीले शिडी टेकून होती, दोरीची वेटोळी पडली होती. दसऱ्याले हत्यारं पुजतात. त्याच्या शिडीले दरसाली हळदकुंकू अन् झेंडूचा हार असे. त्या दिवशी ती कोरडीच होती. मी काही न विचारता बोलून टाकलं, "रामीबाई, कापड मी लावाले सांगतलं होतं. तो उगाच बदनाम झाला."

ती काड्या मोडतच राह्यली. "माहीत आहे बाई. त्याच रोजी सांगतलं त्यानं. म्हणे, बाईची लाज राखली."

मी पानं पुढं केली. तिनं हात पुढं केला नाही. "मी त्याले विचारलं, बाईनं तुही राखली का? तं उठून बाहेर गेला."

तेवढ्यात देवीलाल आला. नाकावरची खपली अजून होती. मले पाहून, सवयीनं, वाकला. मी म्हणलं, "देवीलाल, मले माफ कर. विसर्जनाच्या दिवशी मी माइकवर सांगीन, साऱ्यांसमोर."

तो म्हणे, "सांगसान तं बरं होईन बाई. इथं अंगणात तुमी माफी मांगली, ते बी बरं झालं. पण माह्यं नाक चौकात घासलं होतं." आवाजात राग नव्हता. पानं त्यानं घेतली नाहीत. म्हणे, "त्या दिवशीच घेईन."

विसर्जनाच्या दिवशी मूर्ती ट्रॅक्टरवर चढली. पोट्ट्यायनं मांडव सोडाले घेतला होता, ब्लेडनंच. देवीलाल आला होता. पानठेल्याच्या बाजूले, धुतलेला सदरा घालून, रामीबाईसंगं उभा होता. मी पियूषले म्हणलं, माइक दे. त्याचा चेहरा पांढरा पडला, पण एवढ्या लोकायपुढं मायले नाही कसं म्हणीन? देल्ला. ढोल थांबले. सारा चौक माह्याकडं पाहून राह्यला होता. देवीलालही.

मी माइक तोंडाशी नेला. अन् माह्या तोंडून निघालं, "बोला, दुर्गामाता की..."

"जय!" चौक गरजला. ढोल परत सुरू झाले. पियूषनं माह्या हातातून माइक अलगद काढून घेतला. पानठेल्याकडं पाह्यलं तं तिथं कोणी नव्हतं.

पियूष निवडून आला. देवीलाल आता लोहाऱ्याले एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर बसते म्हणतात. मंडळानं लोखंडी पाइपाचा मांडव आणायचं ठरवलं आहे, नटबोल्टचा. त्याले गाठच नाही. आपट्याची ती पानं मास्तरच्या फोटोमागं ठेवली आहेत, वाळून चुरा झाला, फेकवत नाहीत. प्राची कधी कधी माह्याकडं पाहते अन् मी दुसरीकडं पाहते. हे सारं तुमाले सांगून टाकलं, कारण तुमी आमच्या चौकातले नाही.