बांबूची ॲम्ब्युलन्स

आमच्या बोळाच्या शेवटी बंद पडलेला एक यंत्रमागाचा कारखाना आहे. त्या जागेवर सात मजली इमारत होणार असं कळलं आणि मी ब्लाउज शिवायचे सोडून अर्ज लिहायला बसले. शुक्रवार पेठेतल्या या बोळाला तोंड एकच. त्यात आणखी पन्नास बिऱ्हाडं, त्यांच्या गाड्या, आणि वेळ आलीच तर ॲम्ब्युलन्स शिरणार कुठून? मला राग पटकन येतो आणि आला की कागदावर फार सुरेख उतरतो. गल्लीतल्या सगळ्यांनी न वाचताच सह्या केल्या.

अर्जाचा जीव होता चाचीच्या दम्यात. चाचा आमचे मांडववाले. त्यांचं घर अगदी शेवटचं, कारखान्याच्या भिंतीला लागून. मागच्या थंडीत चाचीला श्वास घेता येईना, तेव्हा ॲम्ब्युलन्स बोळाच्या तोंडाशीच उभी राहिली. ड्रायव्हर म्हणाला, पुढे खांबाजवळ गाडी अडकते. मग चाचांनी खुर्च्या वाहायच्या हातगाडीवर बायकोला बसवलं आणि रस्त्यापर्यंत ढकलत नेलं. मी तिची चप्पल हातात घेऊन मागे धावत होते. डॉक्टर चाचांना म्हणाले, पुढच्या वेळी इतका उशीर झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही. ते वाक्य मी अर्जात जसंच्या तसं घातलं. तो विजेचा खांब नेमका आमच्या दारासमोर आहे. त्याला मी तीन परिच्छेदांत शिव्या घातल्या, अर्थात सरकारी भाषेत.

महापालिकेचं उत्तर आलं की नकाशात रस्ता पुरेसा रुंद आहे, तरी साहेब पाहणीला येतील आणि नंतर सुनावणी होईल.

"कागदावर हाय ओ रुंद," समोरच्या अक्का बोळात उतरलेल्या आपल्या पायरीवर बसून म्हणाल्या. अक्कांचं माहेर-सासर दोन्ही विणकरांचं, घरात तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी. "सायबाला डोळ्यानं दावायला पायजे की."

खऱ्या आजाऱ्यांची गाडी खेळायला बोलवू नये, एवढी अक्कल आम्हाला होती. म्हणून चाचांनी सुचवलं, आपणच एक करू. बांबूचा सांगाडा, वर चादरी, आत चार माणसं. बोळातून चालवत न्यायची, साहेबांच्या देखत अडकवायची.

मापाचं काम माझ्याकडे आलं. दवाखान्याच्या फाटकाशी ॲम्ब्युलन्स उभी होती, ड्रायव्हर चहा पीत होता. माझी टेप साठ इंचांची, गाडी तिच्याहून रुंद. मी टेप संपली तिथे खडूने खूण केली आणि पुन्हा सुरुवात केली. ड्रायव्हर कपातून तोंड न काढता म्हणाला, "मावशी, झंपर शिवताय का हिला?" मी म्हटलं, "हो, आरसे धरून सांगा, बाह्या किती लांब ठेवू?" तो बिचारा उठून आरशाला टेप धरून उभा राहिला.

घरी आल्यावर अक्का कानाशी लागल्या. "एक वीत वाढीव धर की. कोण मोजतंय?" कापडाला शिलाईपुरती जागा सोडायची माझ्या हाताला सवयच आहे. मी वीतभर सोडली.

पाहणीच्या दिवशी गल्ली अशी सजली की काय सांगावं. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे दारोदारी पिंपं असतातच. त्या दिवशी माळ्यावरची फुटकी पिंपंसुद्धा खाली उतरली. साहेब आले, किडकिडीत, खिशात स्टीलची टेप. त्यांनी आधी पिंपं आत घ्यायला लावली. मग दुचाक्या. मग चौकड्यांच्या चादरींनी मढवलेली, पुढे लाल पॉपलिनची फुली शिवलेली आमची ॲम्ब्युलन्स बघितली आणि टेप काढली ती थेट तिलाच लावली.

"ही रुग्णवाहिका आहे की अंबारी?"

मी पायाच्या नखांकडे बघत राहिले. चाचांनी सुतळ्या सोडल्या, बांबू कापले आणि साहेबांनी सांगितलेल्या मापाने पुन्हा बांधले.

मग वरात निघाली. सायरन अक्कांचे मिस्टर तोंडाने वाजवत होते. त्यांचा आवाज आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या लोकांनी ऐकून घेतला. चादरींखालून आठ पाय चालत होते. गाडी पहिल्या घरापाशी गेली, दुसऱ्या घरापाशी गेली, आमच्या दाराशी आली आणि खांबाशी कडकन अडकली. गल्लीने टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मी.

साहेबांनी टाळ्या संपू दिल्या. मग विचारलं, "हा खांब कधीचा?"

गाडीची दुसरी बाजू आमच्या कट्ट्याला टेकली होती आणि कट्ट्यावर माझे सासरे, तात्या, बसले होते. नातेपुत्याहून तरुणपणी गिरणीत आलेला माणूस, खोटं बोलायला कधी शिकलाच नाही. "खांब आदीचा हाय," ते म्हणाले. "कट्टा मागनं झाला. म्याच बांदला."

साहेबांनी कट्टा मोजला. पुरा चार फूट रस्त्यात. "हा नसता तर गाडी आरामात गेली असती," ते म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं.

मला हसूही येईना, रडूही येईना. माणसं पांगल्यावर मी चाचांकडे गेले. ते सुतळ्या सोडत बसले होते.

"चाचा, तुम्हाला माहीत होतं?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "मालूम था ना ताई. पर बोलना कैसा? तात्या बैठते ना उदर."

तेव्हा मला तो दिवस सगळा आठवला. हातगाडी कट्ट्याला घासत गेली होती. चाची वाकडी झाली होती, आणि सासऱ्यांनी पाय वर उचलून घेतले होते. मी मागेच होते, चप्पल हातात. एवढं डोळ्यांसमोर घडलं आणि घरी येऊन मी शिव्या घातल्या त्या खांबाला. माझी मलाच इतकी चीड आली की त्या दिवशी मशीनवर बसले ते तीन वेळा सुई मोडली.

अक्का मात्र संध्याकाळीच हजर. "सुनावणीपत्तर कट्ट्याला हात लावायचा न्हाई. कट्टा पडला की रस्ता मोकळा, आन रस्ता मोकळा झाला की त्यांची बिल्डिंग पास. तीन आठवडे कळ काढ."

अक्कांचं गणित बिनचूक होतं. पण त्या तीन आठवड्यांत चाचीला पुन्हा दम लागला तर? तिच्या नावाने गल्लीभर गळा काढायचा आणि तिचीच वाट अडवून बसायचं, हे मला गिळवेना. प्रश्न सासऱ्यांचा होता. गुडघे गेल्यापासून त्यांचं जग म्हणजे तो कट्टा. मी चहा घेऊन त्यांच्याशेजारी बसले आणि फरशीवर नखाने रेघा ओढत राहिले.

"गवंडी कवा येतुय?" त्यांनीच विचारलं.

"तात्या, तुम्ही बसणार कुठं?"

"घरात बसंन की. मला काय, कुटं बी बसता येतंय."

दोन दिवसांत कट्टा गेला. पहिल्या घावाला तात्या आत निघून गेले, भिंतीकडे तोंड करून पडले, जेवले नाहीत. अक्कांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

बारा दिवसांनी, भर दुपारी, चाचीला दम लागला. गाडी बोळात शिरली ती थेट तिच्या दाराशी जाऊन थांबली. चाची स्वतःच्या पायांनी चढली. तिची पिशवी अक्कांनी नेऊन दिली, पण माझ्याकडे न बघता. चौथ्या दिवशी चाची घरी आली.

मग सुनावणी. समोर बांधकामवाल्यांचे इंजिनिअर, जाडजूड फाईल, चेहऱ्यावर समाधान. आमच्याकडून मी आणि अक्का पुढे, बाकी गल्ली मागे, चाचा सगळ्यात मागे.

साहेबांनी अर्ज उघडला. "बाई, रुग्णवाहिका आत येऊ शकत नाही, ही तुमची मुख्य हरकत. ती आज कायम आहे का?"

अक्कांनी पदराआडून माझा दंड धरला आणि चिमटा काढला. चांगला पिळून.

"आता येते," मी म्हटलं.

इंजिनिअर हसले. चिमटा आणखी घट्ट झाला. माझे महिन्याभराचे कागद त्या दोन शब्दांनी रद्दीत गेले होते, आणि मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

"पण सात मजले म्हटल्यावर आगीचा बंबही आत यायला हवा," मी म्हणाले. "तो येत नाही."

"कशामुळे?"

मी मागे वळले. सगळी गल्ली एकदम छताच्या पंख्याकडे बघायला लागली. माझ्याही तोंडात शब्द होता, पण अक्कांच्या इतक्या जवळ बसून तो बाहेर पडेना. शेवटी मागे खुर्ची सरकली. चाचा उभे राहिले होते, टोपी सारखी करत.

"साब," ते म्हणाले, "बंब कू अक्का की पायरी लगती."

अक्कांनी माझा दंड सोडला.