उरलेले थेंब
भाताच्या झोडणीचा वास आला की मला चुलत्याचे ते डोळ्यांचे थेंब आठवतात. पोलादपूरच्या आमच्या खळ्यावर आईच्या डोळ्यात कुसळ गेलं, डोळा लाल होऊन गळू लागला. स्वतःला अर्धा डॉक्टर समजणाऱ्या चुलत्याने मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली आपली बाटली आणली. "डाक्टर तरी येगलं काय देनार हाय, वैनी?" दोन दिवसांत लाली गेली आणि हा गावभर मिरवला. आठवड्याने बुबुळावर पांढरा डाग उमटला. महाडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुसळामुळे बुरशी झाली आणि या थेंबांतल्या स्टिरॉइडने लाली दाबून ती पोसली." डोळा गेला. चुलता अजून म्हणतो, "लाली तर गेलीच ना रे?" त्या मूर्खाला मी काय बोलणार? थेंब घालताना आईची पापणी वर धरणारा, शाळेत विज्ञान शिकवणारा शहाणा मीच होतो.