सहाव्या लेनचा शिक्का

तलावाच्या कचेरीतले कारकून काका महिनाभर जुन्या स्पर्धांच्या फायली उलगडत होते. जुनं सॉफ्टवेअर बंद पडलेलं, त्यामुळे ओळीतलं कितवं अक्षर कशाचं, हे पंचांच्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहायचं. मान अवघडून आली होती.

आज कळलं, वेळेच्या आकड्यापुढचा ‘क्यू’ म्हणजे स्पर्धक बाद. तो त्यांच्या पुतणीच्या ओळीत होता, सहाव्या लेनला. पंचांच्या चिठ्ठीत मात्र तिसरी लेन बाद होती. त्या दिवशी शर्यत नेहमीच्या काठाऐवजी समोरच्या काठावरून सुटलेली. आठ लेन पंचांनी उलट्या बाजूने मोजल्या असतील, असं धरून निकाल कंप्युटरवर भरताना काकांनीच शहाणपणा करून तिसरीची सहावी केली होती. चिठ्ठीच्या मागे पंचांनी ‘लेन नेहमीच्याच क्रमाने’ असं लिहिलेलं त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं. पोरीने त्यानंतर पोहणंच सोडलं.

त्यांनी तिला फोन लावला. “तू बाद नव्हतीस गं.”

“मी तेव्हाच सांगत होते, काका. तुम्ही म्हणालात, कंप्युटर चुकत नाही.”